मार्थाबाईंच्या विहिरीचं पाणी

४ जानेवारी
आजपासून रोज लिहिणार. प्राध्यापक आहे, शिवाय पर्यावरण संस्थेचा अध्यक्ष. विचार वाया जाऊ नयेत.
कोल्हारजवळच्या वस्तीवर गेलो. नव्या केमिकल कंपनीच्या मागेच मार्थाबाईंची विहीर. पाण्याला वास. पण बाईंना लाज वेगळीच. "घरी आलेल्याला पानी द्यायची सोय न्हाई, सर." सून एंजेला गरोदर, म्हणून लांबून हंडे आणतात. शब्द दिला: पाणी मी तपासणार, निकाल चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर वाचणार. कंपनीला सोडत नाही.

१९ जानेवारी
निकाल आला. पाणी पिण्यालायक नाही. रविवारी वाचतो.

२५ जानेवारी, रविवार
वाचला नाही. काल कंपनीचे मॅनेजर कॉलेजात आले. माणूस सभ्य. म्हणाले, घाईने गैरसमज पसरतात, आधी एकत्र अभ्यास करू. कॉलेजला लॅब देणार. विद्यार्थ्यांचं भलंच होईल. बाहेरून विरोध कोणीही करतो, आत शिरून करायला अक्कल लागते. हे बायकोला सांगितलं. म्हणाली, मांजरही दुधाची पाहणी आत शिरूनच करतं. तिला धोरण कळत नाही.

१० फेब्रुवारी
लॅबचं उद्घाटन. शाल, श्रीफळ. 'कॉर्पोरेटशी जबाबदार संवाद' यावर बोललो, टाळ्या पडल्या. विहिरीचा विषय काढणारच होतो, पण जेवणाची वेळ झाली. वस्तीवरची माणसं कंपनीनेच टेम्पोने आणली होती. मॅनेजर त्यांना म्हणाले, सरांनी पाणी तपासलंय आणि सर आता आपल्यासोबत आहेत. मी नुसता हसलो. हसणं म्हणजे काही होकार नव्हे. मार्थाबाईंनी लांबून हात जोडले.

३ मार्च
आज खरं सांगायचंच, असं ठरवून वस्तीवर गेलो. बसायच्या आत मार्थाबाईंनी तांब्या पुढे केला. घासूनपुसून लखलखीत. विहिरीचंच पाणी.
"तुमी त्यांच्यासंगं हुभं ऱ्हायलात, तवाच कळलं पानी चांगलं हाय. एंजेला बी आता हेच पिती."
मी म्हणालो, आज उपवास आहे. एंजेला म्हणाली, उपवासाला पाणी चालतं की. मग तहान नाही म्हणालो.
मार्थाबाई आधी तांब्याकडे बघत राहिल्या, मग सुनेच्या पोटाकडे. मला सांगावंच लागलं नाही.
म्हणजे निकाल कळवला, असं धरायला हरकत नाही.
गाडीत येऊन स्वतःच्या बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं. काच खाली करून थुंकून टाकलं.