पाचपैकी शून्य

प्रिय बडबडे,

कपाळाला आठ्या घालू नकोस. रागावले आहे हे खरं, पण शेवटपर्यंत वाच.

तरुण मुलंमुली प्रेमातल्या अडचणी किती कौशल्याने हाताळतात हे तुला संशोधनासाठी मोजायचंय, एकटीचे गुण धरत नाहीत, दुसरा परीक्षक लागतो, म्हणून तूच मला त्या मुलाखती ऐकायला बसवलंस. निवृत्त मुख्याध्यापिका, रिकामी, शिवाय फुकट! मी बसले. शांतपणे बोलला, ऐकून घेतलं, भांडण मिटलं, की गुण पाच. ही तुमची रीतही मुकाट्याने मानली. मैत्रिणीच्या आईला घाबरून जिन्याखाली लपलेल्या त्या पठ्ठ्याला आपण दोघींनी एकेकच गुण दिला. हसता हसता माझी कवळी निसटली. तिथवर आपलं जमलं.

मग ती मऊ आवाजाची मुलगी आली. प्रश्न साधा होता: मैत्रिणींबरोबर असताना त्याचा फोन उचलला नाहीस आणि तो चिडला, तर काय करशील? ती म्हणाली, मी आधी सॉरी म्हणते, त्याचं सगळं ऐकून घेते, आता फोन हातातच ठेवते, म्हणजे प्रश्नच येत नाही. सांभाळून घेते. तू पाच दिलेस, मी शून्य. तू तणतणलीस, अगं मावशी, भांडण मिटलं ना! मिटलं तर. आमच्या कॉन्व्हेंटच्या वर्गातही टाचणी पडलेली ऐकू यायची. सिस्टरांच्या हातात पट्टी असायची म्हणून. त्याला कुणी आमचं कौशल्य म्हटलं नाही.

आणि व्याकरण कुठे गहाण टाकलंस? प्रश्न होता 'काय करशील', उत्तर आलं 'करते'. काल्पनिक प्रश्नाला कुणी रोजच्या क्रियापदात उत्तर देतं का? हे तुला सांगितलं, तर तू पटकन म्हणालीस, सांभाळून घ्यावंच लागतं गं, मीही घेते. मी गुणांचा कागद पालथा घातला.

कारण मला गेला रविवार आठवला. तू जेवायला आलीस, हात धुवायला गेलीस तरी फोन बरोबर. तो वाजला तेव्हा तोंडात घास होता, तरी उचललास आणि माझ्याकडे वळवलास: बघ, मावशीच आहे ना! मी आपला हात हलवला. मग पलीकडून तुझ्या त्या मित्राला दुसरी खुर्ची बघायची होती, मागचं दार बघायचं होतं. तू हसत हसत दाखवलंस. ज्या मुलीला गप्प बसवायला मी वर्गाबाहेर उभी करायचे, ती त्यानंतर जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

परवा तुला मेसेज टाकला, एकटी ये, बोलायचंय. उत्तर आलं, 'आपण काळजी करू नये.' गधडे, तू जन्मात मला कधी 'आपण' म्हटलं आहेस? म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या विभागाच्या पत्त्यावर. महिनाअखेर तू तुझी खोली सोडून त्याच्याकडे राहायला निघाली आहेस. त्याआधी तुमच्या प्रश्नांत नसलेला एक प्रश्न मी विचारते: त्याला 'नाही' म्हणालीस, तर काय होईल? उत्तर स्वतःशीच मोठ्याने बोल. आवाज मऊ झाला, तर खोलीची किल्ली परत देऊ नकोस. कामावरून थेट माझ्याकडे ये. माझ्या दाराला कडी आहे, आणि ती कुणासाठी काढायची हे मी ठरवते.

शून्यावर ठाम असलेली, तुझीच,
मावशी