कुरतडलेला कोपरा

॥ श्री ॥
मुक्काम चांगथांग पठार, लडाख
ज्येष्ठ शु. ५, शके १८५९

ती. गं. भा. अक्का हीस,
अवधूतचे सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. लेह सोडल्यापासून टपालाची पेटी दिसलेली नाही. आमच्यातला एक माणूस अधूनमधून लेहला जातो, त्याच्याजवळ पत्रं द्यायची. तुझ्या हातात हे पडेल तेव्हा आषाढ सरत आला असेल.

पठार कसं आहे ते आईला असं सांग. आपल्या बालाघाटावर तसलेच पंधरा-वीस डोंगर चढवायचे, आणि वर जाऊन बघावं तर देवणीच्या माळासारखं सगळं सपाट. झाड औषधालासुद्धा नाही. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. साहेब इथले पशुपक्षी दुर्बिणीतून बघून टिपणं काढतो. मी त्याच्या तट्टांचे खूर आणि याकांची पोटं सांभाळतो. देवणीच्या दवाखान्यात बैल होते, इथं याक. शिंगं काही सुटली नाहीत.

क्यांग म्हणून एक रानटी जनावर आहे. धड घोडा नाही, धड गाढव नाही. आमची तट्टं निघाली की त्यांचा कळप शेजारून पळत सुटतो, पुढं जाऊन थांबतो आणि मागं वळून बघतो. तळ्याकाठी काळ्या मानेच्या करकोच्यांची जोडी आहे, उंचीला आपल्या धाकट्या कुसुमएवढी. एक अंडं घातलंय, त्यावर दोघं आळीपाळीनं बसतात. संध्याकाळी साहेब मला दुर्बीण देतो आणि मी तेच बघत बसतो. शिवाय बिनशेपटीचे उंदीर आहेत, ते तंबूत शिरून वाटेल ते कुरतडतात.

आईचा हिवताप कसा आहे? लोहा गावाहून सांगून आलेल्या मुलीकडच्यांना सांग की मुलगा सध्या याकांच्या संगतीत आहे, थांबायचं तर थांबा.

आईच्या पायांवर डोकं ठेवतो. लोभ आहेच, इथल्या थंडीपुरता थोडा वाढवावा.

तुझा
अवधूत

॥ श्री ॥
उदगीर
आषाढ व. २

चि. अवधूत यास,
सौदामिनीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा मागितलं तेव्हा मी चिडले, मग तिनं शेजारच्या मुलीला बोलावून वाचून घेतलं. अर्धा घोडा, अर्धं गाढव हे ऐकल्यावर माधवकाकांची आठवण आली म्हणाली. काका ओट्यावरच बसले होते.

तिची तबियत मात्र बरी नाही. एक दिवसाआड थंडी वाजून ताप चढतो. हकीमसाहेबांनी गार पाण्याला अन् वाऱ्याला लांब राहा म्हणून ताकीद दिलीय. ऐकते थोडीच! ओट्यावर बसून टपालवाल्याची वाट बघून राहते. तो दुसऱ्या गल्लीत वळला तरी हिला कळतं.

कुसुमचं बाळंतपण आश्विनात आहे. आई अशी बिमार, म्हणून तिच्या सासूबाईंनी तिला नांदेडलाच ठेवून घेतलं. लोह्याच्या मंडळींना तुझा निरोप दिला. मुलीच्या बापानं याकाचं गोत्र काय म्हणून विचारलंय, त्यांना लिहून कळव.

आता मनातलं लिहिते. आई तोंडानं कधी ये म्हणणार नाही. तुझं नशीब तिकडं उघडलं म्हणून सगळ्यांना सांगते अन् आत जाऊन डोळे पुसते. तिचं हे वर्ष मला ठीक दिसेना. दिवाळीला ये. तुझे करकोचे पुढच्या वर्षीही अंडी घालतील.

बाकी इकडं सगळं ठीक, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. माया आहे ती तशीच आहे.

तुझी
अक्का

श्री
चांगथांग पठार
भाद्रपद शु. ८

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

शेवटचं एकच कार्ड उरलंय, आणि त्याचाही वरचा कोपरा उंदरानं खाल्ला. दुसरा कागद नाही, चालवून घे. हा उंदीर मोठा संसारी आहे. गवत तोडतो, उन्हात वाळवतो आणि हिवाळ्यासाठी दगडाखाली साठवतो. माझं कार्ड त्यानं कडब्यात धरलं असणार. आईला सांग, दिवाळीला येतो. साहेबानं रजा दिली, पंधरवड्यात निघतो. करकोच्याचं पिलू परवा पहिल्यांदा उडालं आणि तळ्यात आपटलं. आईबाप केवढ्यानं ओरडत होते! आता बरं उडतं. आईला नमस्कार. भेटीअंती लोभ प्रत्यक्षच.

अवधूत

उदगीर
आश्विन व. १२

चि. सौ. कुसुम हीस,
अक्काचे आशीर्वाद.

आई गेल्याचं माणसाबरोबर कळवलं होतंच. तू ओली बाळंतीण, यायला जमलं नाही म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. तुला निघू देऊ नका असं आईनंच बजावलं होतं. खरं काय झालं ते आता लिहिते. कुणाजवळ तरी बोलल्याशिवाय मला घास उतरत नाही. हे वाचून चुलीत घाल.

अवधूतचं कार्ड आलं तेव्हा मी हकीमसाहेबांकडं औषध आणायला गेले होते. टपालवाल्यानं लडाखचं म्हणून आईच्या हातात दिलं. त्याचा कोपरा नव्हता, उंदरानं खाल्लेला. तुला ठाऊकच आहे, कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. ते उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, अन् आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. आईला वाचता येत नाही. टपालवाल्याला उर्दू येते, आपली लिपी नाही. तो बिचारा मान खाली घालून निघून गेला.

आईनं कार्ड ओट्यावर दगडाखाली ठेवलं. अंगात ताप असताना आडावर गेली, अन् लुगड्यासकट घागरीमागून घागरी अंगावर घेतल्या. मी आले तेव्हा मागल्या दारी ओलेत्यानं बसून होती. रडतही नव्हती. मला शिवू नको म्हणाली, आपला अवध्या गेला म्हणाली.

मी दगडाखालचं कार्ड काढून वाचलं. त्यात तर तो दिवाळीला येतो म्हणून लिहिलेलं. वाचून दाखवलं तशी आई हसायला लागली. कुसुम, इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. उंदीर गवत वाळवतो ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. दारावरून जाईल त्या बाईला हाका मारून सांगितलं की आमचा अवध्या दिवाळीला येऊन राहिलाय. एवढी खूश मी तिला बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी छाती भरली. हकीमसाहेबांनी पाण्यात गेली होती का म्हणून विचारलं, मी हाव म्हटलं. पाचव्या दिवशी गेली. क्रियाकर्म माधवकाकांनी केलं.

जाण्याआधी तिनं माझा हात धरून शपथ घातली की अवधूतला आंघोळीचं कळू द्यायचं नाही. कळलं तर तो जन्मात हातात लेखणी धरणार नाही, अन् ह्या घराचं तोंड बघणार नाही, असं म्हणाली. तो अजून पोचला नाही, म्हणून लेहच्या पत्त्यावर मी त्याला जुन्या तापानं गेली एवढंच कळवलंय. तूही अवाक्षर काढू नकोस.

बाळाला जप. आईची माया आता माझ्याकडून घे, कमीजास्त होईल ते सांभाळून घे.

तुझी
अक्का

॥ श्री ॥
पठाराच्या काठचं गाव, लडाख
कार्तिक शु. २

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कान पकडतो. दिवाळी झाली आणि मी इथंच आहे. आम्ही निघालो खरे, पण बर्फ लवकर पडलं आणि पुढची वाट बुजली. जनावरांना घेऊन ह्या गावात अडकलोय, आता चैत्राशिवाय सुटका नाही. डाकेची माणसं तेवढी कशीबशी जा-ये करतात.

आईची समजूत घाल. चकल्या माझ्या वाटच्या ठेवल्या असतील तर तूच खा. उंदरानं खाल्लेलं कार्ड मिळालं का? आई हसली का गं? ती हसेल म्हणूनच उंदराचं एवढं सविस्तर लिहिलं होतं.

लोभात माझ्या उशिराची वजावट करू नये.

अवधूत

पठाराच्या काठचं गाव
पौष शु. ३

ती. अक्का,
नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आणणाऱ्यानं ते हसत हसत हातात दिलं, त्याला काय कल्पना. कोपरा फाडलेला दिसला आणि उघडायच्या आधीच मला कळलं.

नदी गोठलेली आहे. म्हाताऱ्या घोडेवाल्यानं बर्फ फोडून पाणी काढलं आणि तापवायला ठेवलं. मी नको म्हणालो. गार पाण्यानंच आंघोळ केली. दात वाजत होते तेव्हा एकदम डोक्यात आलं, अक्का. कोपरा नसलेलं एक कार्ड मीही घरी पाठवलं होतं.

कसा विसरलो मी? ह्या परक्या लोकांत राहून आपल्या घरात काय मानतात ते डोक्यातून गेलं. मयत असलं की कोपरा फाडायचा, हे मी लहानपणापासून बघतोय. आणि दारात नेहमी आईच बसलेली असायची.

दोन गोष्टी विचारतो, खरं सांग. कार्ड कोणाच्या हातात पडलं? आणि मी येणार हे आईला कळलं होतं का? कार्ड ती गेल्यावर आलं असेल तर मी येणार हे न कळताच ती गेली. आधी येऊन तिच्या हातात पडलं असेल तर माझ्या हातानं मी तिला मारलं. रात्रंदिवस हेच डोक्यात फिरतं. साहेब इथं बारमाही माणूस ठेवणार आहे. माझ्यामुळं झालं असेल तर मी त्याला हो म्हणेन. उदगीरला कोणत्या तोंडानं येऊ?

तळं गोठलंय. करकोचे गेले, पिलालाही घेऊन गेले. क्यांग चारा शोधत गावापर्यंत येतात, त्यांच्याकडं बघत दिवस काढतो.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही.

अवधूत

॥ श्री ॥
उदगीर
माघ व. ५

चि. अवधूत यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू खोदून विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर माझी ही फजिती मी कुणाला सांगणार नव्हते.

कार्ड आलं तेव्हा आई आत झोपलेली होती. दारात मीच होते. टपालवाल्यानं लडाखचं म्हणून माझ्या हातात दिलं, मी कोपरा बघितला अन् माझी मतीच गेली. बाबांनी एवढं लिहायला-वाचायला शिकवलं, पण ते वाचायची अक्कल काही मला झाली नाही. कार्ड ओट्यावर दगडाखाली ठेवलं, आडावर गेले अन् लुगड्यासकट घागरीमागून घागरी अंगावर घेतल्या. मागल्या दारी ओलेत्यानं बसून राहिले. रडूसुद्धा येत नव्हतं. त्या घडीला कसं वाटतं, ते मी तुला सांगू शकत नाही.

आई उठून आली. मी तिला शिवू नको म्हणाले. तिनं विचारलं की कार्डात लिहिलंय काय. मी वाचलंच नाही म्हटल्यावर तिनं कपाळावर हात मारला, अन् मला तिथंच उभी करून वाचायला लावलं. मग जी हसायला लागली! इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. मी वेडी अन् तुझा उंदीर शहाणा, असं म्हणाली. उंदीर गवत वाळवतो ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. दारावरून जाईल त्या बाईला सांगितलं की आमचा अवध्या दिवाळीला येऊन राहिलाय. ह्यातलं अक्षरही खोटं नाही, गल्लीत कुणालाही विचार. कुसुमलाही मी असंच लिहिलंय.

ताप तिचा जुनाच होता. मागून छाती भरली अन् त्यातच गेली. तू वाटेत आहेस, आलास म्हणून समजा, हेच डोक्यात घेऊन गेली. मला त्या आंघोळीनं साधी शिंकसुद्धा आली नाही. माझं काय, मी तुझ्या क्यांगासारखी धट्टीकट्टी.

साहेबाला नाही म्हणून सांग. चैत्रात वाट मोकळी झाली की नीघ. कुसुमच्या बाळानं अजून मामा पाहिलेला नाही, अन् लोह्याची मंडळी थांबलीत. आलास की मला पोटभर हसून घे, वेडी म्हण, मी ऐकून घेईन. फक्त त्या कार्डाचं परत विचारू नकोस. मला लाज वाटते.

लोभ मागायचा नसतो, तो ह्या घरात तुझ्या हक्काचा आहे.

तुझी
वेडी अक्का