व्याह्यांच्या परसातला टमाटा

असोदा रोड, जळगाव
९ नोव्हेंबर

आदरणीय व्याहीबुवा अभिमन भाऊ यांस,

जळगावहून पितांबरचा सप्रेम जयभीम. सविताताईंनाही सांगावा. तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतो (दोन्ही गुडघ्यांची, मागे फक्त डाव्याची केली होती तर उजव्याबद्दल तुम्ही अर्धा तास वेगळा सांगितलात). आमच्याकडे सगळं ठीक. मृणालीला आठवा लागला आहे, डॉक्टर म्हणतात बाळाचं वजन उत्तम आहे, आणि ती आपल्या दोघांवर चिडलेली आहे. दोघांवर म्हणजे तिच्या आईवर आणि माझ्यावर नव्हे. माझ्यावर आणि तुमच्यावर.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमच्याकडे फोन आला की तो स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवायची पद्धत आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी ऐकावं असं नाही. शिवाय तुम्ही मुख्याध्यापक होतात. कागदावर लिहिलेलं तुम्ही शेवटपर्यंत वाचता, भले लाल पेन हातात घेऊन का होईना. शुद्धलेखन तेवढं तपासू नये.

तर वीस दिवसांपूर्वी तुम्ही न कळवता सुनेला भेटायला आलात. फाटक उघडलंत, चार पावलं आत टाकलीत, उजव्या हाताला माझी टमाट्यांची रांग पाहिलीत, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पायरीवर ठेवून पाणीसुद्धा न पिता परत गेलात. मी टॉवेल गुंडाळून मोरीतून बाहेर येईपर्यंत तुमची रिक्षा वळलेली होती. तेव्हापासून तीन रविवार गेले, प्रशील बायकोला भेटायला आला नाही. ऑफिसात काम आहे म्हणतो. रविवारी कुठलं ऑफिस उघडं असतं, हे मी विचारलं नाही. मृणालीने विचारलं. त्यानंतर तो फोनही जपूनच उचलतो.

म्हणून कबूल करून टाकतो. ती झाडं तुमच्याच टमाट्याची. मी चोरला.

जानेवारीत मी आणि लिलाबाई देवपूरला तुमच्याकडे आलो होतो, तेव्हाची गोष्ट. तुम्ही आम्हाला परसात नेऊन ती झाडं दाखवलीत. एकेक टमाटा अर्ध्या किलोच्या घरातला. एक चिरून फोड दिलीत. भाऊ, मी जन्मभर टमाटा म्हणजे वरणात आंबटपणासाठी घालायची वस्तू समजत आलो. ती फोड खाल्ल्यावर मला वाटलं, आपण साठ वर्षं दुसरंच काहीतरी खात होतो. मग तुम्ही गोष्ट सांगितलीत: तुमच्या मातोश्री भागाबाई साक्रीकडच्या माहेराहून पदराच्या गाठीत बांधून हे बी घेऊन आल्या, आणि तेव्हापासून ते दर वर्षी तुमच्या घरात धरलं जातं. (मृणालीच्या लग्नाच्या बैठकीत तुम्ही ही गोष्ट सांगितली होती तेव्हा गाठ लहान होती. जानेवारीत ती चांगली मूठभर झाली होती.) मी चार बिया मागितल्या. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "पितांबर भाऊ, आईचं बी घराबाहेर जात नाही."

आता तुम्हीच सांगा. मी तुम्हाला मुलगी दिली आणि तुम्ही मला टमाट्याची बी देईनात. (हे वाक्य मृणालीने वाचलं तर मलाच कुठेतरी दिलं जाईल, म्हणून पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे.) तुम्ही पाण्याची मोटार बंद करायला पुढच्या दारी गेलात तेवढ्यात मी एक पिकलेला तोडला आणि जाकिटाच्या आतल्या खिशात टाकला. डाव्या बाजूच्या. पुढचं सगळं त्या डाव्या बाजूने केलं.

पारोळा सोडल्यावर आमच्या बसच्या पुढ्यात म्हैस आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला, मी समोरच्या दांड्यावर छातीने आपटलो, आणि तुमच्या मातोश्रींचा टमाटा माझ्या काळजावर फुटला. व्याह्यांकडे जायचं म्हणून पांढरा शुभ्र सदरा घातला होता. शेजारच्या बाकावर एरंडोलला उतरणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुनं रगत निंघी ऱ्हायनं." झालं. पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत बठ्ठी बस उठून उभी राहिली. मी सांगत होतो की मला काही झालेलं नाही, पण छातीतून रक्त गळत असताना माणूस काही झालं नाही म्हणाला की लोकांना जास्त खात्री पटते. कंडक्टरने मला तीन जणांच्या सीटवर आडवं केलं. कोणीतरी पाय वर धरले. लिलाबाई पदरात तोंड खुपसून बसली, लोकांना वाटलं रडते आहे. बस एरंडोलच्या स्टँडवर न जाता सरळ एका दवाखान्याच्या दारात गेली. खरं बोलायला माझ्याकडे वीस मिनिटं होती. पण काय बोलणार? मुलीच्या सासरी चोरी केली, म्हणून?

डॉक्टर तरुण होता, त्याच भागातल्या शेतकऱ्याच्या घरचा. त्याने जाकीट उघडलं, सदऱ्याला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि नर्सला कापूस आणायला बाहेर पाठवलं.

"काका," तो म्हणाला, "रक्तात बिया नसतात."

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने कात्रीने खिसा कापून गर बियांसकट एका बाटलीत काढून दिला आणि पथ्य सांगितलं: तीन दिवस पाण्यात आंबू द्या, वर तरंगेल ते फेकून द्या, तळाशी बसेल ते धुऊन सावलीत सुकवा. मग म्हणाला, बाहेर पन्नास माणसं थांबली आहेत, त्यांना काय सांगायचं? आणि माझ्या छातीला आडवी पट्टी बांधून दिली. मी बाहेर आलो तेव्हा लोकांनी वाट करून दिली. आजींनी माझ्या हातात दोन केळी ठेवली. जळगावपर्यंत मला खिडकीची जागा होती.

बी मार्चमध्ये लावलं. हा मूर्खपणा होता. एप्रिलात आपल्याकडच्या उन्हाने बठ्ठ्या रोपांचे पापड झाले. उरलेलं बी जूनमध्ये कुंड्यांत टाकलं आणि वर लिलाबाईची जुनी साडी बांधली (विचारून बांधली; कोणती ते विचारलं नाही, त्यामुळे एक दिवस जेवायला नव्हतं). अकरा रोपं जगली. तुम्हाला ठाऊक आहे, वरणगावच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासनीस होतो. हजार नगांत एक केसभर कमीजास्त निघाला तर बाजूला काढायचा, ही माझी नोकरी. तीच सवय मी अंगणात आणली. रोज सकाळी व्हर्निअर घेऊन प्रत्येक खोडाची जाडी वहीत लिहायचो. पानांच्या बगलेतून फुटलेले कोंब खुडायचो, काठ्या रोवायचो, सुतळीने बांधायचो. कॉलनीतले लोक फाटकाशी थांबून म्हणायचे की असोद्याच्या वाटेवर राहून वांगी सोडून टमाटे लावणारा हा पहिलाच. मी पुढच्या खोडाला व्हर्निअर लावत असे. माझ्याकडे तुमच्या आईचं बी होतं.

मध्येच एक प्रकार झाला. आमचे शेजारी प्रेमराज शेठ किराणा दुकानवाले. त्यांनी सांगितलं की मुळांना गुळाचं पाणी घातलं की फळात गोडी उतरते. त्यांच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी झाड लावलेलं नाही हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. आठ दिवस गुळाचं पाणी घातलं. नवव्या दिवशी मुंगळे आले. माझ्या अंगणात त्यांना फक्त वास सापडला, तेव्हा ते वासाच्या मुळाशी गेले, म्हणजे भिंत चढून प्रेमराज शेठच्या कोठीत, जिथे गुळाच्या ढेपा होत्या. त्यांच्या घरी मुंगी मारत नाहीत. शेठ आणि शेठाणी दोघं दोन दिवस मोरपिसांच्या कुंच्याने मुंगळे सुपात भरून माझ्या आवारात आणून सोडत होते. मुंगळे संध्याकाळपर्यंत परत जात होते. शेठनी त्यानंतर मला शेतीविषयक सल्ला दिलेला नाही.

सप्टेंबरात मृणाली बाळंतपणाला आली, तेव्हा फळं धरली होती. ती रांगेपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी छाती काढून बाजूला. ती म्हणाली, बी कुठलं? मी म्हटलं, एका मित्राचं. तिने एकेक झाड पाहिलं आणि हसायला लागली. इतकी हसली की तिची आई धावत बाहेर आली, पोरीला या दिवसांत काय झालं म्हणून.

भाऊ, अकरा झाडांना अकरा तऱ्हांची फळं होती. पहिल्याचं बोराएवढं. दुसऱ्याचं वांग्यासारखं लांब. तिसऱ्याचं पिवळं. चौथ्याचं पिकायच्या आधी तडकायचं. पाचव्याचं इतकं आंबट की लिलाबाईने ठेचा केला तोही दोघांनी मिळून संपवला नाही. एकाला नुसता पाला. चौतीस वर्षांच्या नोकरीत एका साच्यातून असा माल निघालेला मी पाहिला नव्हता. मला वाटलं, माझ्याच हाताला दोष आहे, चोरीचं लागलं नाही. तेव्हा मृणालीने पायरीवर बसून मला समजावलं. संकरित टमाट्यातलं बी पेरलं की पोरं बापावर जात नाहीत. आजा, पणजा, मामा, जो सापडेल त्याच्यावर जातात. आणि तुमचा टमाटा संकरित आहे. तुम्ही दर वर्षी गावाबाहेरच्या रोपवाटिकेतून सहा रोपं आणता, वर्तमानपत्रात गुंडाळून, मागच्या दाराने. सुनेने ते लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात पाहिलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. माझी चोरीही तिला त्या दिवशी कळली. पोटात नातवंड, आणि वर दोन घरांची दोन गुपितं.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चोर आणि ते थापाडे. माझ्या पोराने जायचं कोणावर?"

मी, खरं सांगतो, त्या दिवशी खूश झालो. मुख्याध्यापक सापडले म्हणून. तुम्हाला फोन लावायलाही निघालो होतो. मृणालीने हात धरला आणि सविताताईंनी तिला सांगितलेलं मला सांगितलं. तुमच्या मातोश्रींचं बी खरं होतं. त्या गेल्या त्या वर्षी दवाखान्याच्या धावपळीत तुमच्याकडून बी धरायचं राहिलं. एका हंगामात सगळं संपलं. पुढच्या वर्षी घरी माणसं आली, त्यांनी आईचे टमाटे कुठे म्हणून विचारलं, आणि तुम्ही रोपवाटिकेत गेलात. तेव्हापासून जाता.

मग माझी खुशी गेली. मी माझ्या आईचं काहीच सांभाळलेलं नाही. खोटं सांगण्यापुरतंही नाही.

म्हणून तुम्ही फाटकातून परत गेलात त्याचं कारण मला कळलं. प्रशीलला वाटतं तुम्ही चोरीमुळे रागावलात. तसं नाही. तीस वर्षं मुलांना आनुवंशिकता शिकवलेल्या माणसाने ती अकरा तऱ्हांची फळं पाहिली आणि ओळखलं, की आता याला कळलं. तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात. तुम्ही मला तोंड दाखवू शकत नव्हतात. भाऊ, चोराला तोंड दाखवायला कसली लाज? रविवारी या. प्रशीलला आणा. परसाबद्दल मी अवाक्षर काढणार नाही.

एक राहिलं. सातवं झाड. त्याचं फळ मोठं आहे, गोड आहे, आणि जानेवारीतल्या त्या फोडीच्या तोडीस तोड आहे. मृणाली रोज एक मीठ न लावता खाते. त्याचं बी धरून सुकवलं आहे, सोबतच्या पुडीत चाळीस बिया आहेत. त्याला भागाबाईंचं नाव द्यायचं का, ते तुम्ही ठरवा. बाळाला सांगायला काहीतरी खरं असलं तर बरं.

आपला,
पितांबर

ता. क. त्या पुडीतल्या बियांवर फार विसंबू नये. सातव्याची पोरं तरी सातव्यावर जातील याची काय खात्री? तेव्हा येताना त्या रोपवाटिकेतून सहा रोपं घेऊन या. वर्तमानपत्रात गुंडाळून. मी कॉलनीत सांगून बसलो आहे की हे माझ्या आजोळचं तीन पिढ्यांचं बियाणं आहे, आणि लोक बघायला येणार आहेत.

आणखी ता. क. अभिमन भाऊ, लिलाबाईचा जयभीम. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून पाकीट वाफेवर उघडून वाचलं. टमाटा मी तोडला. हे तेव्हा तुमच्या हौदावर पाय धूत होते. बसमध्ये माझ्या पिशवीत चेंगरेल म्हणून मी तो यांच्या खिशात ठेवायला दिला. विहीणबाईने चोरी केली हे बरं दिसणार नाही म्हणून यांनी स्वतःवर घेतलं. बरं दिसायला मी आता नवरी आहे का?

बाकी, आज सकाळी मी सविताताईंना फोन केला. दोन मिनिटं लागली. रविवारी तुम्ही तिघं जेवायला येताय. मध्येच तुम्ही फोन घेऊन विचारलंत, झाडं उपटून टाकली का. मी म्हटलं, नाही, आत्ताच पाणी घातलं. तुम्ही म्हणालात, बरं केलं, पाणी सकाळचंच घालत जा. हे पत्र सोमवारी पोचेल, म्हणजे तुम्ही जेवून गेल्यावर. तरी टाकते, यांनी तीन दिवस लिहिलं आहे. रोपं मग पुढच्या खेपेला आणा. सहा नको, बारा आणा. सहा माझ्या हिशेबाची वेगळी लावीन, व्हर्निअरपासून लांब.