तुझा पाण्याचा नेम

आये,

भाद्रपदात तुझी तिथी होती त्या सकाळी मी बाजारासमोर स्कूटरवरून खाली उतरलो. एवढंच केलं. ऐकायला ते काहीच नाही, पण त्याआधी कित्येक वर्षं मी तिथं उतरलो नव्हतो. आमच्या विभाग कार्यालयात सार्वजनिक शौचालयांच्या पाहणीचा तक्ता असतो, महिन्यातून एकदा भरायचा. पाणी, दिवा, दार, आणि शेवटी चालू की बंद. बाजाराच्या कोपऱ्यावरचं ते शौचालय रस्त्यावरून दिसतं. वर टाकी आहे, भिंतीवर डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र आहे, बाण आहे. स्कूटर बाजूला घ्यायची, एक पाय जमिनीवर टेकवायचा आणि मांडीवरच कागद ठेवून लिहायचं, चालू. बायकांच्या बाजूला, पुरुष म्हणून, आत डोकावायचं कशाला, असंही मनाला सांगितलेलं.

त्या दिवशी मात्र डोळ्यांपुढं अंधारी आली. तुझ्या तिथीला मी सूर्य मावळेपर्यंत पाणी घेत नाही, हे तुला ठाऊक असेल तर असेल. सोमवारीही घेत नाही. तू गेलीस तेव्हा तुझी माळ, तुझी बाजाराची पाटी, काहीच मी मागितलं नाही, फक्त तुझा नेम घेतला. ऊन चढलं होतं. मी सुक्या मासळीवाल्यांच्या ओट्यावर टेकलो. समोर तुझ्याच वयाची, म्हणजे तू गेलीस त्या वयाची, एक बाई जवळा पाखडत होती. माझे ओठ बघून तिने बाटली पुढं केली. गळ्यापर्यंत भरलेली.

"घ्या साहेब. मी काय पीत नाय, बाजार उठंपरत तशीच राहते ती."

मी विचारलं, "उपास आहे का मावशी?"

ती हसली आणि शेजारणीला म्हणाली, "आयकलंस का गो? साहेब इचारतान उपास हाय का!"

"हाय ना," शेजारीण बोंबील मोजता मोजता म्हणाली. "कुलूपदेवाचा. रोज करताव, फल काय मिलत नाय." आणि तिने मान वळवून त्या चित्रातल्या बाईकडे दाखवलं. चित्राखाली दार होतं. दाराला कुलूप होतं. गंजलेलं, म्हणजे नवं नव्हे.

आये, मी त्या ओट्यावर बसलोय आणि समोर तू बसली आहेस. तुझी पाटी, तुझं गोणपाट, तुझ्या पायाशी तो पितळी तांब्या. सकाळी भरून नेलेला आणि संध्याकाळी भरलेलाच परत आणलेला. शाळा सुटली की मी पळत बाजारात येतो आणि तांब्या तुझ्या तोंडापाशी धरतो. तू तोंड फिरवतेस. "माजा नेम हाय रं," म्हणतेस. मी तांब्या खाली ठेवतो, नमस्कार केल्यासारखा.

तेव्हा नवीन वसाहत आपल्या शिरवणे गावाच्या अंगणापर्यंत आली होती. शेतं गेली, खाडीकडचा बांध गेला, बांधावरची झुडपं गेली. मग रस्त्यावर दिवे लागले. त्या संध्याकाळी पुढाऱ्यांनी नारळ फोडला, पोरं दिव्याखाली नाचली, मीही नाचलो. तू दारात उभी राहून म्हणालीस, "उजेड झाला. आता बायांनी जायाचा कुठं?" काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाटलं तू गंमत करतेस. घरी पहाटे काहीतरी सोय व्हायची, पण बाजारात दिवसभर काहीच नव्हतं. रस्ता होता, नळ होता, दिवे होते. पुरुष भिंतीकडे तोंड करायचे.

गुरुजींनी चौथीत निबंध घातला होता, माझी आई. मी लिहिलं की माझी आई रोज निर्जळी करते, एवढा कडक नेम गावात कोणाचा नाही. गुरुजींनी तो वर्गात वाचला आणि शारदापूजनाला तुला बोलावून सगळ्यांसमोर नारळ दिला. तू मान वर केली नाहीस. घरी आल्यावर माझ्या पाठीत धपाटा घातलास. "घरातल्या गोष्टी शालंत कशाला सांगतस?" मला वाटलं, खरा भक्त आपलं पुण्य झाकून ठेवतो. तो नारळ तू फोडला नाहीस. फळीवर ठेवलास. पुढं कधीतरी मी तो कानाशी धरून हलवला, तर आत पाण्याचा आवाज येईना.

आणि हॉस्पिटल. तुझे पाय सुजलेले. डॉक्टरबाई विचारतात, दिवसाला पाणी किती पितात? मी मोठ्या अभिमानाने सांगतो, तिचा नेम आहे, बाजारात असेपर्यंत पाणी घेत नाही. डॉक्टरबाई तुझ्याकडे बघतात. तू भिंतीकडे कूस वळवतेस. त्यांनी मला पुढं काही विचारलं नाही, नुसतं पेन बंद केलं. श्रद्धेपुढं त्या गप्प झाल्या, असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्या दोघींना जे कळलं होतं ते त्या खोलीत फक्त मला कळलं नव्हतं.

तिथीच्या संध्याकाळी हे मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "मी बेलापूरला नोकरीला होते तेव्हा सकाळी चहा घेत नसे. तुम्हाला वाटायचं मला चहा आवडत नाही. आमच्या मजल्यावर बायकांची सोयच नव्हती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगण्यासारखं आहे का ते?"

तेव्हापासून घोटभर पाणी प्यायलं तरी तुझा घसा दिसतो. ऑफिसात टेबलावरचा ग्लास दिसतो आणि मी कागद त्याच्यापुढं सरकवतो. बाजारात जिथं भरलेली बाटली दिसते तिथं तू बसलेली असतेस, आणि मी समोरून जाताना तू हाक मारत नाहीस.

तिथीच्या दुसऱ्या दिवशी मी ते दार उघडायला लावलं. आत झाडू, फिनेलचे डबे, मंडपाचे बांबू. तिथला राखणदार म्हणाला, "साहेब, बायका येतच नाहीत, म्हणून सामान ठेवलं." बाहेर कुलूप असल्यावर येतील कशा, हे मी विचारलं तर तो चिडला नाही, उलट समजूत घातल्यासारखं म्हणाला, "कागदावर चालू आहे ना? तुम्हीच लिहिता." मी तोंडी सांगून सामान काढायला लावलं. आठ दिवसांत ते परत आत गेलं, कुलूप परत लागलं. जे दार कागदावर चालूच आहे ते कोण उघडणार?

कार्यालयात आमच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं. "आता बंद लिहाल, तर आधीचं सगळं खोटं ठरतं. नोटीस कुणाला येईल?"

"मला."

"मग? निवृत्तीला फार वर्षं राहिली नाहीत. देवाधर्माचे माणूस तुम्ही, कशाला वाईटपणा घेता?"

आये, मी घाबरलो. तुला खोटं कशाला सांगू? त्या महिन्यात मी परत चालू लिहिलं, तेही दाराला कुलूप आहे हे माहीत असताना. त्याच्या पुढच्या महिन्यातही. सकाळी देवापुढं बसलो की तुझा तो न फोडलेला नारळ डोळ्यांपुढं यायचा. मी जप मोजायचो आणि मधेच चुकायचो.

मग गेल्या महिन्यात लिहिलं. बंद. खाली आणखी एक ओळ लिहिली, की यापूर्वीच्या नोंदी मी आत न पाहता, आणि शेवटच्या दोन पाहूनही, चुकीच्या केल्या आहेत. सही केली. नोटीस आली, तिला उत्तर दिलं, पुढं काय होईल ते होईल. पण बंद म्हटल्यावर कोणाला तरी ते चालू करावं लागलं. सामान गेलं, नळ बसला. मी तिथं उभा राहून बाहेरचा कोयंडा कापून घेतला आणि आतल्या बाजूला कडी बसवून घेतली.

जवळेवाली मावशी पहिली गेली. बाहेर आली, हात धुतले, पदराला पुसले, आणि एवढंच म्हणाली, "कडी घट हाय." शेजारीण ओरडली, "कुलूपदेव उठला गो बायांनू!" सगळा ओटा हसला. मावशीने बाटलीचं झाकण उघडलं आणि सगळ्यांच्या देखत, ऊन डोक्यावर असताना, ती पाणी प्यायली. किती वेळ प्यायली. मग बाटली माझ्याकडे केली. मी म्हणालो, सोमवार आहे मावशी. ती म्हणाली, "कुठल्या देवाचा?"

सगळ्या देवांचे वार मला पाठ आहेत. कोणाला बेल, कोणाला दूर्वा, कोणाला काय चालत नाही, शेजारपाजारचे लोक मला येऊन विचारतात. पण तुझा नेम कुठल्या देवाचा, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. मी बाटली परत दिली. पाणी पिणं तेवढं त्या दिवशी जमलं नाही.

तुला अक्षर येत नव्हतं. तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि डॉक्टरबाईंपाशी आलो की माझ्याच्याने पुढं वाचवलं नसतं. म्हणून घडी करून ठेवतोय. आज परत सोमवार आहे, दुपार आहे. लिहायला बसताना तुझा तांब्या भरून शेजारी ठेवला होता. आता तो रिकामा आहे.