चुलीमागच्या न खणलेल्या जमिनीबाबत

मी, ताबिथा वुगुत्सा इन्यांगाला, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, माती तपासण्याच्या सरकारी नोकरीतून निवृत्त, राहणार चावाकालीजवळ, विहिगा, केनिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा धाकटा भाऊ हेझ्रॉन याचे मत निराळे असू शकेल, परंतु ते मागवलेले नाही. माझ्या पश्चात व्यवस्था पाहण्यासाठी वकील अमुगुने यांना नेमत आहे. त्यांनी घाई करू नये, आणि त्यांना ते जड जाणार नाही.

कलम १. पतसंस्थेतील माझ्या शिल्लकीतून प्रथम शवागाराचे भाडे व दफनाचा खर्च भागवावा. भाडे नेहमीपेक्षा जास्त होईल. कारण कलम ५ मध्ये आहे. उरेल ते हेझ्रॉनची बायको कागेहा हिला द्यावे. तिचा नवरा माझ्याशी बोलत नव्हता तेव्हाही तिच्याकडून दर रविवारी मक्याच्या पिठाची उगाली आणि म्रेंदाची पालेभाजी झाकून येत असे. भाजीत मीठ नेहमी कमी असे. मी तक्रार केली नाही, ती येथे करून ठेवते.

कलम २. माझ्या मालकीच्या काचेच्या उभ्या नळ्या, त्यांत भरायचे राळेचे मणी व तराजू माझी विद्यार्थिनी लोगोसे हिला द्यावेत. हे सामान कशाचे, ते वकिलांसाठी थोडक्यात लिहिते, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. आमच्या लाल मातीत फॉस्फरस पुष्कळ असतो, तरी मक्याची पाने जांभळी पडतात, कारण माती तो सोडत नाही. त्यातला बराचसा झाडापानांच्या आणि किडामुंगीच्या देहांतून आलेल्या संयुगांत अडकलेला असतो. ती संयुगे सोडवायला आम्ही माती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तासन्‌तास घुसळतो. ते काळपट पाणी मण्यांवरून थेंबथेंब उतरवले की एकेक संयुग वेगळे होते. मग थेंब कागदावर घेऊन त्यावर औषध फवारायचे, आणि निळे डाग उमटले की कोणता डाग कोणाचा ते ओळखायचे. माझा जन्म या निळ्या डागांना नावे देण्यात गेला. बियांतून येणारे फायटिक आम्ल मी झोपेतही ओळखले असते.

कलम ३. माझे दिवंगत काका ओन्झेरे आमच्या ओट्यावर एक छत्री विसरले होते, ती त्यांच्या मुलांना परत करावी. वडिलांनी मला जमीन लिहून दिली त्या दिवशी ते म्हणाले होते, “पोरीला जमीन म्हणजे जावयाला जमीन.” मी जावईच आणला नाही, त्यामुळे त्यांचा हिशेब चुकला. त्याबद्दल त्यांनी मला कधी क्षमा केली नाही. छत्रीखेरीज त्या घराला माझ्याकडून काही नाही.

कलम ४. चुलीमागचा, माझ्या नावे असलेला जमिनीचा तुकडा.

वडिलांनी तो दिला तेव्हा त्यावर कधी कुदळ पडली नव्हती. मीही पडू दिली नाही. न खणलेली माती या डोंगरावर दुसरीकडे उरलेलीच नाही, म्हणून मी तिच्यात खत, राख, शेण काही येऊ दिले नाही. एकदा हेझ्रॉनची गाय आत शिरून पो टाकून गेली. मी तो चमच्याने खरवडून काढत होते आणि तोंडाने हेझ्रॉनचा उद्धार करत होते. तो कुंपणाला टेकून म्हणाला, “ताई, गाय अडाणी आहे गं. तिला तुझी परीक्षा ठाऊक नाही.” तेव्हा आम्ही दोघे हसलो होतो.

या मातीतून एक डाग असा उमटे, जो शेजारच्या शेतांतल्या मातीत जेमतेम दिसे, आणि आमच्याकडच्या कोणत्याही नमुन्याशी जुळत नसे. मी त्याला पाहुणा म्हणू लागले. त्याचे नाव शोधायचे, एवढी एकच इच्छा मला होती. नवरा, मुले, मोठी खुर्ची यांतले मी काही मागितले नाही.

त्याच सुमारास हेझ्रॉनच्या मुलाची, किसियाची, सुंता झाली. सुंता झालेला मुलगा बापाच्या छपराखाली झोपत नाही, त्याला अंगणात स्वतःची झोपडी लागते. हेझ्रॉनच्या वाट्याला घर, केळी, थोडा चहा आणि आईची कबर एवढे बसले की पाय पसरायलाही जागा उरत नाही. तो माझ्याकडे आला. “ताई, पोराला झोपडीपुरती तुझी जागा दे.”

“दोन हंगाम थांब,” मी म्हटले. “पाहुणा सापडू दे.”

दोन हंगाम संपले, मग आणखी दोन. किसिया मित्रांच्या झोपड्यांतून झोपत राहिला, आणि मग कंटाळून नैरोबीला पहारेकरी म्हणून गेला. आता त्याचे केस पिकू लागले आहेत. गावी तो फक्त मयतीला येतो, उभ्या उभ्या चहा पितो आणि शेवटच्या बसने परत जातो. या अंगणात त्याला पाठ टेकायला जागा नाही. दुसऱ्यांच्या फाटकांवर जागून त्याने उमर काढली, आणि आपल्या घराचे फाटक त्याला मिळाले नाही.

पुढे लोगोसे माझी माती घेऊन परदेशी गेली, तिथल्या मोठ्या यंत्रावर तपासायला. तिचा फोन आला. ती बराच वेळ माझ्या गुडघ्यांचीच चौकशी करत होती, तेव्हाच मला कळायला हवे होते.

“मॅडम,” ती शेवटी म्हणाली, “तुमचा पाहुणा मातीत नाहीच. तो आपल्या बाटलीत जन्मतो.”

मातीतल्या जिवंत सूक्ष्म जीवांच्या अंगातली फॉस्फरस असलेली चरबी आमच्या सोड्याने तुटत होती, आणि तिचा तुकडा म्हणजे माझा पाहुणा. न खणलेल्या जमिनीत जीव जास्त, म्हणून तिथे डाग ठळक. ताज्या जिवाणूंची चरबी त्याच सोड्यात टाकली तर पाहुणा हजर, तिथे माती लागतच नव्हती. जे ओळखायला निघाले ते मी आधी मोडत होते, आणि मोडलेल्याला नाव शोधत होते.

मी हेझ्रॉनला बोलावून सगळे सांगितले. तो रागावेल असे वाटले होते. त्याने तुकड्याकडे पाहिले आणि विचारले, “मग ती जागा इतकी वर्षं रिकामीच होती का गं?”

रिकामी नव्हती. साऱ्या डोंगरावर तिच्याइतकी जिवंत माती नव्हती. पण त्याने ते विचारले नव्हते. मला फार वाईट वाटते. शोध हुकल्याचे दुःख मी पचवले असते, त्या पोराचे पचत नाही.

सबब हा तुकडा पूर्णपणे व कायमचा किसिया हेझ्रॉन इन्यांगाला यास देत आहे. मी हे हयातीतच का केले नाही, असे वकिलांनी विचारले. मी किसियाला तीनदा निरोप धाडला. तिन्ही वेळा त्याने कळवले, “आत्याला म्हणावं, सुट्टी मिळत नाही.” मयतीला मात्र त्याला सुट्टी मिळते.

कलम ५. दफन. लग्न न झालेल्या मुलीची कबर कुंपणाबाहेर, केळींच्या पलीकडे असते. त्याविरुद्ध मी एक भाषण तयार ठेवले होते. मला आत, माझ्या तुकड्यातच जागा देण्यासाठी भाऊबंदांशी भांडायला हेझ्रॉन तयार आहे. त्याने भांडू नये. मला कुंपणाबाहेरच ठेवावे. त्या तुकड्यातली एक वीतही आता माझ्यासाठी अडू नये.

मात्र मला लगेच पुरू नये. किसिया आला की बापलेकांनी आधी त्या जागेवर झोपडी उभी करावी. खांबांसाठी हवे तेवढे खणावे. जमीन शेणाने सारवावी, हेझ्रॉनच्याच गाईच्या, आणि चुलीची राख दाराबाहेर खुशाल टाकावी. ज्या जमिनीवर मी शेणाचा पो टिकू दिला नाही ती चांगली जाड सारवलेली हवी. छप्पर चढेपर्यंत मी शवागारात थांबेन. थांबायला मी इतरांना पुष्कळ लावले आहे.

मग मला पुरावे, आणि संध्याकाळची शेवटची बस किसियाशिवाय जाऊ द्यावी.

हा मजकूर मी स्वतः लिहिला आहे आणि पुन्हा वाचून त्यातले काही खोडलेले नाही. हेझ्रॉन व लोगोसे यांचे यात हित असल्याने त्यांच्या सह्या घेतलेल्या नाहीत. हेझ्रॉन दाराबाहेर बसून आहे.

(सही) ताबिथा वुगुत्सा इन्यांगाला

आमच्यासमक्ष सही केली:
१. पेनिना मिनायो, निवृत्त परिचारिका, शेजारी
२. शाद्राक अफांडी, प्रार्थनासभेतील वडीलधारे

ठिकाण: चावाकाली
दिनांक: ९ ऑगस्ट २०१६