दुसऱ्या सीटचं माप

१२ नोव्हेंबर २००५, अमरावती

दिवाळीची गर्दी ओसरली. दोनच ब्लाउज राहिले, तेही अस्तराचे. दुपारी यांनी परसातल्या शेडमधून हाक मारली, "तुही शिलाईची टेप घेऊन ये." वाटलं पत्रा मोजायचा असेल. तर मलाच फळीवर बसवलं आणि माझंच माप घ्यायला लागले. खांदे, कंबर, पाठ ते गुडघा, बसल्यावर डोक्याची उंची. आकडे भिंतीवर पेन्सिलीने लिहिले.

"हे काय आता?"

"दुसरी सीट तुही आहे."

लग्नाला बावीस वर्षं झाली, या माणसाने माझ्या बांगड्यांचंसुद्धा माप कधी विचारलं नाही. आज एकदम शेडमध्ये बनवताहेत त्या विमानाच्या सीटचं! मला हसूही आलं आणि लाजही वाटली. आत्याबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या, सगळं पाहत होत्या. सासूबाईंना बोलल्याशिवाय राहवतं थोडंच. म्हणाल्या, "हे इमान उडन का नुस्ते अंडे देईन?"


३ डिसेंबर

ITI तून आले की हातपाय न धुता थेट शेडमध्ये. दिवसभर फिटरच्या पोरांना कानस धरायला शिकवायचं, संध्याकाळी आपण स्वतः कानस धरायची. चहा तिथेच. गल्लीत नाव पडलंय, 'विमानवाले मास्तर'. मला भाजीवाली 'विमानवाल्या बाई' म्हणते आणि कोथिंबीर जास्त देते. चला, तेवढा तरी फायदा.

६ तारखेला महापरिनिर्वाण दिन, त्याच्या पांढऱ्या ब्लाउजांचं काम आहे. हात दुखतो.


५ फेब्रुवारी २००६

आज पहिल्यांदा आत बसलो. दोघं, शेजारी शेजारी. जुन्या मारुतीचं इंजिन पुढे, मध्ये आम्ही, मागे शेपूट. चाकं आहेत, पंख अजून भिंतीला टेकवलेले.

आत जागा म्हणजे काय, पाटावर पाट ठेवल्यासारखी. माझा डावा खांदा यांच्या खांद्याला, उजवा पत्र्याला. उजव्या हाताला जायला जागाच नाही, मांडीवर ठेवून बसले, लग्नाच्या फोटोत बसतात तशी. कंबरेला पट्टी रुतत होती.

"कसं वाटते?"

"छान आहे."

छान कसलं. पण चार वर्षं खपल्यावर कोणी विचारलं तर काय सांगायचं.

मग यांनी वरचं काचेचं झाकण लावलं. आणि एकदम मिक्सर बंद, शेजारचा टीव्ही बंद, आत्याबाईंचा खोकला बंद. इतकं शांत आमच्या घरात कधी नसतं. आम्ही दोघं समोरच्या टिनाकडे पाहत बसलो. बाहेर यावंसं मात्र वाटत नव्हतं.


२६ फेब्रु.

आता रोजचंच झालंय. चहा झाला की दहा-पंधरा मिनिटं आत. आत्याबाई विचारतात, "कुठी चालले वो?" हे म्हणतात, "दिल्लीले."

आज यांनी सांगितलं, लहानपणी दर्यापूरकडे कपाशीवर फवारणीचं विमान आलं होतं. गावभर पोरं धावली. विमान खाली आलं तेव्हा यांना वैमानिकाचा कोपर दिसला. खिडकीबाहेर काढलेला. "ट्रकवाला बसते ना, तसा आरामात. म्या म्हटलं, असं बसता आलं पाह्यजे." एवढंच. विमान नाही, उंची नाही, कोपर! बावीस वर्षांत हे मला सांगितलं नव्हतं. घरात बोलायचं ते गॅस आणि लाइटबिल. झाकण लागलं की हा माणूस वेगळाच.

मला विचारलं, "तुले काय पाह्यचं वरून?"

म्हटलं, आपली गच्ची. टाकीचं झाकण कोण उघडं ठेवतं ते एकदा वरून पकडायचंय.

खूप हसले. काचेवर वाफ धरली.


९ एप्रिल

१४ एप्रिलच्या जयंतीच्या पांढऱ्या ब्लाउजांनी घर भरलं. एक कॉलेजातली पोट्टी मापाला उभी राहिली आणि पोट आत ओढून घेतलं. तिला रागावले. "श्वास सोड, मग माप घेते. जेवल्यावर काय करशील, फाडशील?" प्रत्येकीला हेच सांगते. प्रत्येकजणी टेप दिसली की आखडते.

रात्रीपर्यंत आवरलं नाही. शेडमध्ये जायला जमलं नाही. चुकल्यासारखं वाटलं.


१८ मे

लग्नसराई, आणि मशीन दुपारीच बंद. नेरकडची शांताबाई दरसाल येते. मार्चमध्ये मुलीला घेऊन आली होती, लग्नाच्या पाच ब्लाउजांचं माप देऊन गेली. कापड अजून आलं नाही. आज रस्त्यात भेटली तर म्हणाली, "पुढच्या सालात पाहू बाई. यंदा गावात कोनाच्याच घरी वाजंत्री नाई." मी विचारलं नाही काहून. विचारायला काय, कर्जापायी शेतकरी जीव देताहेत, सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे.

त्या मुलीचं माप वहीत आहे. वर्षभरात मुली भरतात. पुन्हा घ्यावं लागेल.


२९ जून

आज मुंबईहून मोठे लोक आले, गावांची परिस्थिती पाहायला. बडनेऱ्याकडचा रस्ता तासभर अडवला. मी ऑटोत अडकले. ऑटोवाला रहीमभाई म्हणाला, "वो देखने आये हैं और हम खड़े हैं, बोलो." हे मात्र खूश. आगीच्या बंबावर यांचा जुना विद्यार्थी आहे, त्याने बेलोऱ्याच्या धावपट्टीवर नेलं. त्या पाहुण्यांच्या विमानाच्या उघड्या दारातून आत डोकावून आले.

संध्याकाळी झाकण लावून सगळं वर्णन. सीटा समोरासमोर. कातड्याच्या. मधे पाय लांब करायला जागा. कपाला खाच. हात ठेवायला वेगळी दांडी, दोघांना दोन. "एक माणूस झोपू शकते, बाप्पा!"

मी म्हटलं, ते लोक एवढ्या जागेत बसून आले आणि गावात किती वेळ थांबले?

"दोन गावं. अर्धा-अर्धा तास."

मला शांताबाईची मुलगी आठवत होती. यांना बहुतेक ती हाताची दांडी. मग म्हणाले, "आपल्याले जागा कमी पडली का?" मी म्हटलं, नाही, पुष्कळ आहे. कंबर ठणकत होती तरी.


१७ सप्टेंबर

नागपूरचे साहेब येऊन गेले. हवाई दलात विमानांचे इंजिनीअर होते, आता रिटायर. त्यांचा शेरा असल्याशिवाय दिल्लीला परवानगीचे कागद पाठवण्यात अर्थ नाही असं सगळे म्हणतात. हे दोन दिवस झोपले नाहीत. मी रव्याचे लाडू केले, आत्याबाईंनी नवं लुगडं नेसलं.

साहेब भला माणूस. इंजिन पाहिलं, सांधे ठोकून पाहिले, म्हणाले, "मास्तर, हाताला सफाई आहे." यांचे डोळे भरले, मी पाहिलं. मग साहेब यांच्या जागी बसले आणि मला म्हणाले, "वहिनी, या, तुमच्या जागेवर बसा."

बसले.

"आता सैल बसा."

"सैलच बसले."

"नाही. घरी कोणी नसताना बसता, तशा बसा."

बाहेर हे, आत्याबाई, गल्लीतले चारजण. तरी खांदे सोडले. पाठ टेकवली. श्वास सोडला. साहेबांनी मधला दांडा, ज्याने विमान वळतं तो, डावीकडे ओढला, मग उजवीकडे आणायला गेले. कोपर माझ्या बरगडीत अडकला. दांडा पूर्ण फिरेचना. पुन्हा केलं, पुन्हा अडकला.

खाली उतरल्यावर यांना स्पष्ट सांगितलं. अशा जागेत दोघं बसून उडणं म्हणजे जीव धोक्यात. चार बोटं रुंदी वाढवायची तर सगळा सांगाडा कापा, वजन वाढेल, हवा जास्त अडेल, आणि हे इंजिन मग दोघांना उचलणार नाही. मोठं इंजिन, म्हणजे सगळंच नवीन. नाहीतर दुसरी सीट काढा, आपली मधोमध घ्या. "एकट्यासाठी हे सुंदर विमान आहे. येत्या हिवाळ्यात मी स्वतः येतो पाहायला."

लाडू त्यांनी दोन खाल्ले. यांनी एकही नाही.


१८ सप्टें.

सकाळी भिंतीवरचे पेन्सिलीचे आकडे पाहत उभे होते. "माप तं बरोबर घेतलं होतं म्या. चुकलं कुठी?"

आत्याबाई न विचारता बोलल्या. "माह्यासमोर बसली होती. सासूसमोर कोनती सून पसरून बसते रे? अंग चोरून बसली अशीन. तू चोरलेलं माप घेतलं."

मी ओट्याशी उभी होते. खरं आहे. त्या दिवशी नोव्हेंबरात मी पदर ओढून, खांदे जवळ घेऊन, गुडघे जुळवून बसले होते. बसते तशीच. दुनियेला सांगते श्वास सोडा म्हणून, आणि स्वतः टेपसमोर आखडून बसले. याचं हसू यायला हवं होतं, पण रडूच आलं. भाजी करपली.


८ ऑक्टोबर

झाकण लावून बसणं बंद. हे शेडमध्ये जातात, रिकाम्या हाताने परत येतात.

पल्लवीचा फोन, अकोल्याहून. कृषीला दुसऱ्या वर्षाला आहे, बोलणं मात्र प्राध्यापकाचं. "आई, काढा म्हण ना ती सीट. बाबांचं आयुष्य गेलं त्यात. तुला कुठे जायचंय वर?"

म्हटलं, हो गं, मला कुठे जायचं.

फोन ठेवला आणि राग आला. तिच्यावर नाही, त्या 'हो गं'वर. किती लवकर निघालं तोंडातून.

इथे लिहून ठेवते, कोणाला सांगणार नाही. मला जायचंय. मला उडायचं आहे. आधी नव्हतं वाटत, त्या सीटवर बसल्यापासून वाटतं. गच्ची पाहायची आहे, बडनेरा, मूर्तिजापूर, रुळांच्या कडेने अकोल्यापर्यंत. आणि त्यांच्या शेजारी बसून बोलायचंय. एकटे वर गेले तर मी खाली मान वर करून उभी. आणि संध्याकाळी पुन्हा गॅस आणि लाइटबिल.

पण त्यांचा कोपर? तोही खिडकीबाहेर यायला हवा ना.


१२ नोव्हें.

पल्लवीला लाडू द्यायला अकोल्याला. एस.टी.त तिघांच्या सीटवर खिडकीशी मी, शेजारी एक बाई. आज मुद्दाम सैल बसले. खांदे सोडून, पाय हवे तसे ठेवून. त्या बाईने पाहिलं, क्षणभर विचार केला आणि तीही सैल बसली. तिसरा गृहस्थ दर्यापूर फाट्याला चढला, दोघींकडे पाहिलं आणि दांडी धरून उभाच राहिला. मूर्तिजापूरपर्यंत आम्ही दोघी हसत होतो, एकमेकींचं नावही विचारलं नाही.

बिचाऱ्याला नंतर जागा दिली. पण दिली. आपोआप गेली नाही.


७ जानेवारी २००७

साहेबांचा निरोप आला. महिनाअखेर अमरावतीला येताहेत, एका सीटचं तयार असेल तर पाहतील. नाहीतर पुढच्या वर्षी, तब्येत राहिली तर.

यांनी जेवताना विचारलं. आत्याबाईंसमोर, मोठ्याने. असं कधी विचारत नाहीत.

"तू सांग. काय करू?"

'राहू द्या माझं' हे शब्द अगदी तोंडाशी आले होते. आयुष्यभर तेच म्हटलंय. शेवटची पोळी, पंख्याखालची जागा, राहू द्या. घास गिळला. म्हटलं, "उद्या सांगते."

आत्याबाई ताटात पाहत होत्या. म्हणाल्या, "तिले वेळ घेऊ दे."


८ जानेवारी

संध्याकाळी शेडमध्ये गेले. टेप घेऊन. फळीवर बसले आणि टेप त्यांच्या हातात दिली.

"पुन्हा घ्या."

टेप उलगडली. मग वाकले. आणि म्हणाले, "श्वास सोड, मग घेतो."

माझंच वाक्य. कधी ऐकलं असेल? मशीनच्या आवाजातून, शेडपर्यंत?

श्वास सोडला. पदर सोडला. खांदे जिथे जातात तिथे जाऊ दिले. यांनी माप घेतलं, भिंतीवर जुन्या आकड्याच्या शेजारी नवा लिहिला. जुन्यापेक्षा चार बोटांहून थोडा जास्तच. दोघं आकड्याकडे पाहत राहिलो. मला अपराधी वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. भीती वाटली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते उमगलं नाही.

"मला यायचंय," म्हटलं. "पण तुम्ही एकटे गेलात तरी मी रडत बसणार नाही. ते तुम्ही ठरवा. मी राहू द्या म्हणणार नाही, एवढंच."

यांनी मान हलवली. मी आत आले, पोळ्या टाकल्या.

आत्ता लिहितेय तर शेडमधून पत्रा कापायच्या करवतीचा आवाज येतोय. सांगाडा कापताहेत की माझी सीट, इथून कळत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "जाऊन पाह्य ना वो." मी गेले नाही. खुर्चीत पाठ टेकवून सैल बसले आहे.