पाचवा उद्गार

रवि. १५ मार्च
उपासना संपल्यावर पाळकांनी दारातच गाठलं. "बाई, उत्तम शुक्रवारी पाचवा उद्गार तुम्ही घ्या." गुड फ्रायडेला येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते, आजवर सातही पुरुषच. यंदा माझ्यावर कृपा. पाचवा म्हणजे तहानेचा, 'मला तहान लागली आहे.' हे अंथरुणाला खिळल्यापासून सगळ्यांना माझी कणव येते, त्यातलाच प्रकार. "प्रभूशी तुमचं नातं किती जवळचं आहे, ते मंडळीला कळू द्या."
जवळचं! हो म्हणून आले. हे आजारी पडल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीये मी. डोळे मिटते, लोक आमेन म्हणाले की उघडते.

मंगळ. १७
सकाळपासून ह्यांचं अंथरूण दोनदा बदललं. हात कितीही धुवा, वास जात नाही. चहाच्या कपालाही तोच. शी!
उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही गेलं. साधं पाणी बंद. श्वासनळीत उतरेल म्हणतात डॉ. पावडर घालून घट्ट करायचं, चमच्याने भरवायचं. आज चाखून बघितलं. निव्वळ शेंबूड. मी थुंकले, ह्यांनी मुकाट गिळलं.
दिवसभर डाव्या हाताने तांब्याकडे बोट. शेवटी तांब्या उचलून स्वयंपाकघरात ठेवला.

शुक्र. २०
भाषण लिहिलं. प्रभूला आत्म्यांची तहान होती वगैरे. ह्यांना वाचून दाखवलं, तर ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बरोबरच केलं. फाडून टाकलं.
दोघंही गप्प. एक खाटेवर, एक वर. बडबड मी करायची, चाकरी मी करायची. ह्याला काय प्रेम म्हनायचं व्हय? वेठबिगारी हाय ही! (चिडले की रहिमतपूरची होते मी.)

रवि. २२
महिला मंडळ घरी प्रार्थनेला. एकीचा रुमाल नाकावरून हलला नाही. दुसरीने ह्यांच्यासाठी सुरुवात केली आणि मुलाच्या व्हिसावर संपवली. देवाला पासपोर्ट ऑफिसच करून टाकलंय.
मी सगळ्यांना माठातलं गार पाणी दिलं. ह्यांच्यासमोर! त्या गटागटा प्यायल्या. हे एकेका ग्लासाकडे बघत होते. माझ्या लक्षात आलं ते ग्लास विसळताना. बायकांचा राग होता तो तिथेच विरला, माझीच मला किळस आली.
शेजारच्या शांताक्का संध्याकाळी आल्या. त्या जैन, दिवस मावळला की पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणाल्या, "आवं बाई, तहान काय असती मला इचारा. डॉक्टरला इचारून ओल्या कापसानं व्हट तरी पुसा त्यांचं."

बुध. १ एप्रिल
डॉ. हो म्हणाले, तेव्हापासून ओला कापूस. आज ह्यांनी तो दातांत धरला तो सोडेनात. चोखताहेत. ठसका लागला, डोळे पांढरे. "सोडा! सोडा म्हणते ना!" बोट घालून काढला. बोटाला चावले.
मग मोरीत जाऊन ओरडले. ह्यांच्यावर नाही, त्याच्यावर. तुला पण लागली हुती ना तहान? मग कळत न्हाई तुला? कुठं मेलास?
इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले त्याच्याशी, ते हे असलं.

शुक्र. ३
उत्तम शुक्रवारचा उपास. पाणीही नाही घेतलं. चौथ्या वक्त्याने असा काही पाल्हाळ लावला की माझी जीभ टाळूला चिकटली. उभी राहिले. कागद नव्हताच.
"त्याने पाणी मागितलं. आत्मे नाही, पाणी. आयुष्यभर आपण त्याच्याकडे मागतो, एकदा त्याने मागितलं तर स्पंजात बुडवून आंब दिली, आंबट शिरका. मी घरी रोज तेच करते."  बसले. पाळक खाकरले, गाणं सुरू केलं. बाहेर एक कमिटीवाले म्हणाले, "छान, थोडक्यात आटोपलंत." डोंबल तुमचं छान!
घरी आले. शांताक्का ह्यांच्याजवळ बसल्या होत्या, त्या गेल्या. मी खाटेवर टेकले. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझे ओठ फुटले होते. मग डावा हात उशाशी कापसाच्या वाटीत घातला, कापूस उचलला, माझ्या ओठांवर दाबला. सकाळचाच कापूस. ह्यांच्या लाळेचा, पिवळा, बुळबुळीत.
 पण तोंड बाजूला घेतलं नाही. चोखला.

शनि. ४
गिळण्याची तपासणी सोमवारी, मिरजेला. काय निघतंय कोण जाणे.
आज परत अंथरूण, परत वास. सवय होत नाही, होणारही नाही. हात धुताना त्याला म्हणाले, "तुला काय पाहिजे ते तरी सांग की एकदा. मी आपलं माझंच रडगाणं गात आलेय."
 नळाचा आवाज तेवढा.
नळ बंद केला आणि ओले हात घेऊन तिथेच ऐकत उभी राहिले.